ओच्यातली दूर्वा

सन दोन हजार सोळा. माझं वय अडुसष्ट. त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत माझ्या बायकोला ताप आला आणि डॉक्टरीणबाईनं मला सरळ प्रश्न विचारला, की हिचं गवतात, शेतात जाणं-येणं आहे काय. मी नाही म्हणालो. त्या वेळी ती माझ्यासोबत लागोपाठ अकरा दिवस पहाटे गवतात बसून आलेली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही असं नाही, पण उशिरा सांगितलं. म्हणून लिहून ठेवतो.

लिहिण्यात चुका असतील. मी तिसरीपर्यंत शिकलो. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा प्रांताची वाटणी झाली, नागपूर मुंबईकडं गेलं आणि आमचं जबलपूर भोपाळकडं. आमच्या वर्गाचे मराठी मास्तर बदलून गेले. नवे मास्तर आले ते ‘दो एकम दो’ म्हणा म्हणायचे आणि मी ‘बे एके बे’ म्हणायचो. चार दिवस त्यांनी मला बाकावर उभं केलं. पाचव्या दिवशी मी शाळेत गेलो नाही, तो अजून गेलेलो नाही. माझे वडील म्हणाले, अच्छा, मग चल दुकानात. मी गेलो.

दुकान म्हणजे काय, तर ग्वारीघाटावर पायऱ्या उतरायच्या आधी उजव्या हाताला एक लाकडी पाट आणि वर ताडपत्री. फुलं, बेल, नारळ, कापूर, अगरबत्ती. माझा आजा वर्ध्याकडून आला आणि त्यानं हे मांडलं. घाटावर फुलवाले पुष्कळ आहेत, पण गणपतीत दूर्वेसाठी जबलपूरची मराठी घरं आमच्याकडंच येत. राइट टाऊनकडचे येत, गढ्याकडचे येत, वकील येत, प्रोफेसर येत. स्वतः गाडी लावून खाली उतरत आणि म्हणत, काका, एकवीस जुड्या द्या. याचं कारण आमच्या घरची रीत. दूर्वा विळ्यानं कापायची नाही, बोटांनी खुडायची. खुडताना पायात चप्पल नको. आणि एकदा खुडली की ती जमिनीला लागता कामा नये, टोपलीसुद्धा खाली ठेवायची नाही. माणसानं गळ्यात पंच्याची झोळी बांधून तिच्यात घ्यावी. बाईनं ओच्यात घ्यावी. साडीचा घोळ वर उचलून कमरेला खोचला की पोटाशी जी झोळी होते, तिला आम्ही ओचा म्हणतो. माझी आजी तशी घ्यायची, आई तशी घ्यायची, बायको तीस-पस्तीस वर्षं तशीच घेत आली. ओली, दवाची दूर्वा तास-दोन तास कमरेला बांधलेली.

ती दुकानावर मात्र कधी बसली नाही. मी बसू दिलं नाही. घाटावर बाकीच्यांच्या बायका बसतात, गिऱ्हाइकांशी भांडतात, ते मला आवडायचं नाही. आमची घरची बाई काम करत नाही असं मी चारचौघांत सांगायचो. पहाटे अंधुक उजेडात आम्ही जाऊन यायचो, ते पाहायला कोण होतं. घरी येऊन ती जुड्या बांधायची, माळा ओवायची, आणि मी आठ वाजता पांढरी टोपी घालून पाटावर बसायचो.

त्या तापाच्या दोन वर्षं आधी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. थकायला लागली, डाव्या बाजूला पोट जड लागायचं, दोन घास खाल्ले की पुरे म्हणायची. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. तिथं एक डॉक्टरीणबाई होती, वयानं माझ्या लेकीएवढी. तिनं नीट समजावलं. हा हळू चालणारा आहे, रोज एक गोळी जेवणावर, जन्मभर, गोळी चुकवायची नाही. मग बोटांवर मोजून सांगितलं: कच्चं खायचं नाही, ओल्या मातीत, गवतात, शेणात हात घालायचा नाही, आणि ताप आला तर त्याच दिवशी इथं यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

“अम्मा क्या काम करती हैं?” तिनं विचारलं.

“कुछ नहीं करती, मॅडम,” मी म्हणालो. “हमारे घर की औरतें काम नहीं करतीं.”

“बहुत अच्छा. तो गीली घास-मिट्टी से दूर रखना. जिम्मेदारी आपकी.”

“मेरी जबान है,” मी म्हणालो. हात जोडून म्हणालो.

परत येताना ऑटोत ग्वारीघाटाचा उतार लागला तेव्हा ती बोलली. “मी काम नाही करत, हे मले आजच समजलं.”

“तसं सांगावं लागते.”

“मग तीस वर्षं ओच्यात काय घेऊन येत होती मी? तुमची इज्जत?”

ऑटोवाला हसला. तो बिहारी की कोण होता, त्याला मराठी समजलं कसं कोण जाणे. मी त्याला म्हणालो, सामने देखो.

गोळीनं तिला बरं वाटलं. पोट उतरलं, भूक आली, तोंडावर तेज आलं. पहिल्या वर्षी मी तिला गवतात नेलं नाही. गावाकडच्या दोन बाया कामाला लावल्या. त्या विळ्यानं सपासप कापून पोत्यात कोंबून आणत आणि वाटेत पोत्यावर बसत. दूर्वा पिवळी पडलेली, मुळाला माती. एक म्हातारी मास्तरीणबाई आमच्याकडं चाळीस वर्षांपासून येत होती. तिनं जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, “काय हो, यंदा तुमच्याकडंही बाजारातलीच दूर्वा?” माझ्या कानशिलात मारली असती तरी मला चाललं असतं.

दुसऱ्या वर्षी श्रावण उतरता उतरता मी बायकोला म्हणालो, उद्या जाऊ.

“डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं होतं?”

“डॉक्टरीणबाईच्या घरी गणपती बसत असंल तर तिलेही माझीच दूर्वा लागंल.”

“तुमाले कोणी सांगितलेलं पटते काय कधी?”

“पटण्यासारखं सांगावं मग.”

ती हसली. जायला ती नाखूश होती असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं घरात बसून ती कंटाळली होती. पण नको म्हणायची पाळी माझी होती. शब्द मी दिला होता.

घाटाच्या वरच्या अंगाला, नदीकाठानं मैलभर गेलं की पडीक जमीन आहे. झुडपं, उंच गवत, मधे मधे दूर्वेचे हिरवे पट्टे. अकरा पहाटा आम्ही तिथं गेलो. ती उकिडवी बसायची, खुडायची, ओच्यात टाकायची, बसल्या बसल्या पुढं सरकायची. थकली की तिथंच गवतात टेकायची. मी पाच पावलांवर. बोलणं चालूच. शहपुऱ्याला दिलेली आमची एकुलती एक लेक, तिच्या सासूचा चिकटपणा, मास्तरीणबाईची नाकं मुरडायची तऱ्हा. असं ऐकलं की मी मुद्दाम उत्तर द्यायचो नाही, मग ती म्हणायची, “दूर्वेचे कान आहेत मोठे, तुमाले नाहीत.”

सहाव्या की सातव्या दिवशी घरी आल्यावर ती कमरेपाशी खाजवू लागली.

“काहीतरी चावलं वाटते.”

“नाडा ढिला बांधत जाय,” मी म्हणालो.

एवढंच. ती पुन्हा बोलली नाही, कारण पुढं तिथं खाज नव्हती, दुखतही नव्हतं. 

त्या वर्षी मास्तरीणबाई आली, तिनं जुडीचा वास घेतला आणि काही न बोलता एकवीसच्या जागी बेचाळीस नेल्या. मी दिवसभर ताठ बसलो होतो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तिला ताप भरला. मला संध्याकाळी कळलं. सकाळपासून ती चुलीपाशी होती, पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं केलं, शेजारच्या सवाष्णींना वाढलं आणि मग पाटावर बसली ती उठेना. हात लावला तर तवा.

“चल दवाखान्यात,” मी म्हणालो.

“घरात लक्ष्म्या बसल्या आहेत. उद्या विसर्जन होऊ द्या.”

मी हो म्हणालो. तिच्यासाठी हो म्हणालो असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी दुकानावर गर्दी होती. घरात तापाच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. त्या दिल्या की घाम यायचा, तासभर बरं वाटायचं, पुन्हा थंडी वाजून ताप. डोकं फुटते म्हणायची, डोळे लाल. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिला ऑटोत घालून नेलं.

तिची डॉक्टरीणबाई तिथंच होती. तिनं ताप पाहिला आणि लगेच भरती केलं. आधी एक तरुण डॉक्टर तपासायला आला, म्हणाला, कपडे थोड़े ढीले कीजिए, पूरा देखना है. मी मधे उभा राहिलो.

“लेडी डॉक्टर को बुलाओ.”

“बाबा जी, सब डॉक्टर एक ही हैं.”

“तुम्हारे लिए होंगे.”

मग डॉक्टरीणबाई स्वतः आली. छाती पाहिली, मान पाहिली, काखा पाहिल्या, पोट वरून दाबलं. बायकोनं परकराचा नाडा मुठीत धरून ठेवला होता. गुदगुल्या होतात म्हणाली. तापात फणफणलेली असून हसली. मीही म्हणालो, बस हो गया मॅडम, बीमार है. तिनं हात काढून घेतला. मागं दहा पेशंट होते तिच्या.

मग तिनं तो प्रश्न विचारला. “पिछले पंद्रह-बीस दिन में कहीं खेत, घास, झाड़ी में गई थीं?”

माझी बायको माझ्याकडं पाहू लागली. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

“नहीं, मॅडम. घर पे ही रहती है.”

“पक्का?”

“मेरी जबान है.”

तिनं कागदावर तसं लिहिलं. लिहिताना मी पाहत होतो. मला हिंदी वाचता येते, लिहायची लाज वाटते इतकंच.

रक्ताचे रिपोर्ट आले. पेशी कमी झालेल्या, यकृताचं काहीतरी वाढलेलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन म्हणाली, इनका खून पहले से कमजोर है, उस बीमारी में भी ऐसा हो सकता है, कोई इन्फेक्शन भी हो सकता है, ढूंढ रहे हैं. रोजची गोळी बंद केली आणि सलाइनमधून मोठं औषध सुरू केलं. ते दिवसातून तीनदा लावत. मला वाटलं, एवढं मोठं औषध आहे, उतरेल ताप.

उतरला नाही. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. मी तिच्या कॉटजवळ खाली चादर टाकून बसायचो. दवाखान्याची खिचडी मी खाल्ली नाही, फुकटचं खायची आमची रीत नाही. लेक शहपुऱ्याहून आली, तिनं डबा आणला तो खाल्ला. तिला पाहून बायको थोडी बोलली. सासूनं कसं सोडलं तुले, म्हणाली. लेक म्हणाली, भांडून आली. मग दोघी हसल्या आणि बायकोला खोकला लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईनं पुन्हा विचारलं. “बाबा जी, शरीर पर कहीं काला दाग? छोटी पपड़ी, जैसे बीड़ी से जल गया हो?”

“नहीं.”

मी पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षांचा संसार, पण बायकोच्या अंगावरचं कापड सरकवून भर उजेडात पाहणारा माणूस मी नव्हतो. तरी नहीं म्हणालो. पाहून सांगतो म्हणता आलं असतं.

दुपारी लेकीनं पडदा ओढून आईचं अंग पुसायला घेतलं. मी पडद्याबाहेर उभा होतो. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. “बाबा, इकडं या जरा.”

“काहून?”

“या तर.”

आत गेलो. तिनं परकराचा नाडा सैल केला होता. डाव्या कुशीवर, नाड्याची गाठ जिथं येते त्याच्या खाली, करंगळीच्या नखाएवढी काळी खपली होती. कडक, मधे खोलगट, भोवती लाल कडं. विडीचा चटका बसावा तशी. ओचा तिथंच खोचलेला असे.

“हे काय आहे?” लेकीनं विचारलं.

“नाड्याचा वण.”

“नाड्याचा वण काळा असते काय?”

“घासून घासून होते. झाक ते.”

“मी मॅडमला दाखवते.”

“खबरदार.”

“बाबा, काहून पण? काय होते दाखवलं तर?”

बायकोचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिला झोप लागली आहे. ती म्हणाली, “राहू दे गं. तुझे बाबा सांगून राहिले ना.”

लेकीनं नाडा बांधला. माझ्याशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. सकाळी मॅडमनं काळ्या डागाचं विचारलं होतं हे तिला माहीत नव्हतं. मला होतं.

मी काय विचार केला ते लपवत नाही. खपली दाखवली की गवत निघेल, गवत निघालं की मी दोनदा दिलेली जबान निघेल. ती पोरगी डॉक्टरीण सगळ्या नर्सांसमोर म्हणेल, बाबा जी, आप तो बोले थे काम नहीं करती. माझ्या मनात त्या वेळी बायको मरेल असं नव्हतं. मला वाटत होतं, मोठं औषध चालू आहे, उद्या उतरेल, मग खपली आपोआप पडून जाईल आणि काही सांगायची गरज पडणार नाही. असं करत मी तो दिवस घालवला. दुपारपासूनचा सगळा दिवस आणि वर एक रात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मला पाहून पदर डोक्यावर ओढायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही कवा आले? बसा, चहा टाकते.” तिचा थोरला भाऊ मरून बारा वर्षं झाली होती. श्वास असा चालला होता जसा कोणी जिना चढून आल्यावर चालतो. ओठ कोरडे, काळपट. लेक भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं फक्त पाहिलं.

मी उठलो आणि डॉक्टरीणबाईच्या खोलीत गेलो. तिच्यासमोर दोन माणसं बसली होती. मी त्यांच्या मागून बोललो.

“मॅडम, मैं झूठ बोला.”

तिला समजलं नाही. “क्या हुआ, बाबा जी?”

“मेरी घरवाली काम करती है. घास में बैठके दूर्वा तोड़ती है. ग्यारह दिन गई थी. कमर पे काली पपड़ी है.”

तिनं पेन खाली ठेवलं. त्या दोघांना काही न सांगता उठली आणि वॉर्डात गेली, मी मागं मागं. तिनं पडदा ओढला, नाडा सैल केला, वाकून पाहिलं. 

“कब से है?”

“कल देखा.”

“कल?”

तेवढंच ती बोलली. मी वाट पाहत होतो की पुढं काही म्हणेल. तिनं नर्सला इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितलं. नर्स पळत गेली. औषध सुरू झाल्यावर तिनं मला बाहेर बाकावर बसवलं आणि समजावलं. त्या तापाचं नाव तिनं स्क्रब टायफस असं सांगितलं. गवतात, झुडपात खसखशीपेक्षा बारीक किडे असतात, त्यांची पिल्लं अंगावर चढतात. जिथं कापड घट्ट बांधलेलं असते तिथं जाऊन थांबतात आणि चावतात. दुखत नाही. त्यांच्या तोंडातून एक जंतू आत जातो. जागा काळी पडते, आणि ताप सुरू होतो. मग तो जंतू फुप्फुसात जातो, मूत्रपिंडात जातो, मेंदूत जातो. ज्याचं रक्त धड आहे तोही यात मरू शकतो. जिनका खून ही बीमार है उनके पास रोकने को कुछ नहीं होता, ती म्हणाली.

“और जो बड़ी दवा चल रही थी?”

“वो इस कीड़े पर काम नहीं करती.”

“ये वाली बड़ी है?”

“नहीं, बाबा जी. ये बहुत मामूली दवा है. हर मेडिकल में मिलती है.”

मी बाकावर बसून राहिलो. एक शिपाई म्हणाला, दादा, पैर हटाओ, पोछा लगाना है. मी पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. थर्मामीटर पाहून नर्सनं दोनदा झटकला. खपली दिसली तेव्हाच सांगितलं असतं तर, हे लेकीच्या तोंडावर होतं. बायकोला माणसं ओळखू येऊ लागली. नाकातोंडावर मास्क होता, त्याच्या आतून बोलली.

“सांगितलं तुम्ही?”

“हाव.”

“काय म्हणाली ते?”

“काही नाही म्हणाली.”

“मले वाटलं शिव्या देईल तुमाले.” जरा श्वास घेतला. “मग आता लिहिलं काय तिनं, मी काम करते म्हणून?”

“लिहिलं.”

“काय लिहिलं?”

“दूर्वा खुडते, असं.”

“हं,” ती म्हणाली. डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “तुमच्या तोंडानं सांगितलं ना? लेकीनं तर नाही सांगितलं?”

“माझ्या तोंडानं.”

हे आमचं शेवटचं नीट बोलणं. ताप पुन्हा आला नाही, पण फुप्फुसात पाणी भरत गेलं आणि लघवी बंद झाली. तिला आत काचेच्या खोलीत नेलं. डॉक्टरीणबाई दिवसातून पाच-सहा वेळा आत जायची. एकदा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे मी पाहिले आणि समजलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बायको गेली. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आली. म्हणाली, दवा लग गई थी, बाबा जी, लेकिन तब तक अंदर सब खराब हो चुका था. मी विचारलं, एक दिन पहले? ती म्हणाली, ये मत पूछिए.

तिनं तसं म्हणायला नको होतं. हो म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी ग्वारीघाटावर आम्ही तिला नेलं. घाटावरचे फुलवाले, ज्यांच्याशी मी चाळीस वर्षं धड बोललो नव्हतो, ते सगळे आले. त्यांच्या बायका, ज्या पाटावर बसून गिऱ्हाइकांशी भांडतात, त्यांनी गोंड्याच्या माळांनी तिरडी झाकून टाकली. त्यांच्यातली एक म्हणाली, दीदी के हाथ की जूड़ी हम दूर से पहचान लेते थे. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या घाटाला ठाऊक होतं की जुड्या कोण बांधते, पहाटे कोण जाते. मी एकटाच समजत होतो की झाकलेलं आहे. जावयानं मला धरून अग्नी द्यायला लावला.

घरी आल्यावर लेकीनं आईचा परकर, साड्या बाहेर दोरीवर टाकल्या. मी ओट्यावर बसलो. माझ्याच कमरेला हात लावून पाहिला. सगळीकडं पाहिलं. काही नव्हतं. मी दूर्वा गळ्यात घेत होतो. आमची रीत तशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि बंडी घातली. लेकीनं दारात अडवलं.

“बाबा, सुतक आहे. कुठं निघाले?”

“दवाखान्यात.”

“कागद घ्यायचे असतील तर तुमचे जावई जाऊन आणतील नंतर.”

“कागद नाही पाहिजे मले.”

ओमतीपर्यंत ऑटो मिळाला, तिथून चालत गेलो. वॉर्डात डॉक्टरीणबाई फेरीवर होती. सोबत सहा शिकाऊ डॉक्टर, पांढरे कोट, हातात वह्या. मला बघून ती थांबली. म्हणाली, बाबा जी, आज आपको आने की जरूरत नहीं थी, कागज ऑफिस से मिल जाएंगे.

“मुझे इनसे बात करनी है,” मी म्हणालो.

“किनसे?”

“ये जो सीख रहे हैं.”

ती मग बाजूला झाली.

मी त्यांना सांगितलं. घास में बैठी थी, मैंने मना किया बताने को. डॉक्टर ने पूछा, मैंने झूठ बोला. डॉक्टर देखने आया, मैंने रोका. आजूबाजूच्या कॉटवरचे लोक ऐकत होते, त्यांच्या घरचे ऐकत होते, एक नर्स ट्रे घेऊन थांबली होती. मी बंडी वर केली, धोतर जरा खाली सरकवलं आणि डाव्या कुशीवर बोट ठेवलं.

“यहाँ थी. जहाँ नाड़ा बांधते हैं, उसके नीचे. बुखार वाली औरत आए तो पहले यहाँ देखना. घरवाला बोलेगा, नहीं है. हाथ जोड़ेगा, कसम खाएगा, बोलेगा हमारी औरतें काम नहीं करतीं. तुम फिर भी देखना.”

मग चष्मा घातलेल्या एका मुलीनं हळूच विचारलं, “बाबा, अम्मा को वहाँ दर्द होता था?”

“नहीं. इसीलिए तो कुछ नहीं बोली.”

“कितनी बड़ी थी?”

मी करंगळीचं नख दाखवलं. ती वहीत लिहू लागली, बाकीचेही लिहू लागले. त्यांचं लिहून होईपर्यंत मी बोट तसंच वर धरून उभा राहिलो.